एकाच मॉडेलचे दोन पीसी, स्कोअरमध्ये मात्र जवळपास पाव हिश्श्याचा फरक. बेंचमार्क नक्की काय मोजतो?

जॅकार्डवाला

नमस्कार मंडळी. चादरी आणि टॉवेलच्या जॅकार्ड डिझाइनसाठी दोन पीसी आहेत. दोन्हींत इंटेल कोअर आय५-१२४००, एच६१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ आणि प्रोसेसरच्या खोक्यात मिळालेलाच पंखा. एक सोलापूरच्या नवी पेठेतल्या ऑफिसात, एसीत. दुसरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. तिथे एसी नाही, आणि सध्या दुपारी खोलीचं तापमान ४२ अंशांपर्यंत जातं.

आकडे असे आले (आधी ऑफिस, मग कारखाना):

सिनेबेंच आर२३, मल्टी कोअर, १० मिनिटं: १२,१०० / ९,३००
सिनेबेंच आर२३, सिंगल कोअर: १,६९० / १,६७०
गीकबेंच ६, मल्टी कोअर: ९,३५० / ८,३००
गीकबेंच ६, सिंगल कोअर: २,२४० / २,१९०

पीसी विकणारे म्हणतात चिप कमजोर निघाली, आय७-१२७०० टाकून घ्या, मल्टीचा आकडा पावणेदोनपट होईल. कारखान्यातला वायरमन म्हणतो व्होल्टेज कमी येतंय म्हणून मशीन हळू चालतंय. मला समजून घ्यायचंय की हे सॉफ्टवेअर आतमध्ये करतं काय, एका चाचणीत एवढा फरक आणि दुसरीत जवळपास नाहीच असं का, आणि पैसे घालायचेच तर कशात घालावेत.

---

कोअर_कॅश

दादा, तुम्ही चारही आकडे दिलेत हे फार बरं झालं. नुसता मल्टीचा आकडा दिला असता तर कुणालाच काही सांगता आलं नसतं.

चिपची शंका आधी काढून टाका. सिंगल कोअरमध्ये १,६९० आणि १,६७०, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास फरक. चिप खराब असती तर तो इथेही दिसला असता. एकच कोअर चालतो तेव्हा प्रोसेसर फारसा तापत नाही, बाराही थ्रेड (सहा कोअर, प्रत्येक कोअर एकावेळी दोन कामं हाताळतो, त्यातलं एकेक म्हणजे थ्रेड) चालले की तापतो. तुमचा फरक नेमका तिथेच उघडा पडलाय.

आता आत काय चालतं ते. बेंचमार्क प्रोसेसरला एक ठरलेलं काम देतो आणि वेळ मोजतो. विंडोजचा साधा टिक साधारण १५.६ मिलिसेकंदांचा असतो, तो छोट्या कामासाठी फारच जाडाभरडा पडतो. म्हणून हे प्रोग्राम सिस्टीमचा वेगळा सूक्ष्म काउंटर वापरतात, तो १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्याने वाचता येतो. काम झाल्यावर उत्तर बरोबर आलं का तेही तपासलं जातं. ही तपासणी दिखाव्याची नाही. ज्या हिशेबाचं उत्तर पुढे कुठेच वापरलं जात नाही तो हिशेब कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) सरळ गाळून टाकतो, आणि मग न केलेल्या कामाचा वेळ मोजला जातो. शेवटी लागलेल्या वेळेचं गुणोत्तर काढून स्कोअर तयार होतो. गीकबेंच ६ मध्ये आय७-१२७०० च्या सिंगल कोअरला २,५०० धरलंय आणि बाकी सगळे त्या मापात बसवलेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सिनेबेंच आर२३ एक थ्रीडी चित्र रेंडर करतं. चित्राचे छोटे चौकोन पाडलेले असतात, प्रत्येक थ्रेड एक चौकोन उचलतो, तो संपला की पुढचा. कुणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे बाराच्या बारा थ्रेड पूर्ण दहा मिनिटं भरलेले राहतात. लागणारा डेटा बराचसा कॅशमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत) मावतो, म्हणून रॅमचा वेग इथे फारसा बोलत नाही. कोअर किती आणि ते किती गिगाहर्ट्झवर टिकले, एवढंच बोलतं.

हे ताडून बघता येतं. आय५-१२४०० सगळे कोअर मिळून ४.० गिगाहर्ट्झवर चालतो, एकटा कोअर ४.४ वर. ऑफिसच्या १२,१०० ला ४.० धरलं तर कारखान्याचे ९,३०० म्हणजे ३.०७ च्या आसपास. चाचणी चालू असताना घड्याळ (म्हणजे हा गिगाहर्ट्झचा वेग) ३.१ च्या जवळ दिसलं तर सगळा हिशोब जुळला, दुसरं कारण शोधायची गरज नाही.

गीकबेंचची रीत वेगळी. फाइल कॉम्प्रेस करणं, पीडीएफ उघडणं, वेबपान मांडणं, कोड कंपाइल करणं, फोटोवर प्रक्रिया, अशी छोटी छोटी कामं आणि मध्ये थोडी उसंत. पंख्याचं ॲल्युमिनियम पुरतं तापायच्या आत काम आटोपतं, म्हणून उष्णतेचा दोष गीकबेंचमध्ये लपतो. पण सहाव्या आवृत्तीच्या मल्टी चाचणीत सगळे कोअर एकच काम वाटून घेतात, त्यात रॅमशी देवाणघेवाण बरीच होते. तुमचा तिथला ११ टक्क्यांचा फरक मला रॅमचा वाटतोय. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे जा आणि किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर कमाल २५.६ जीबी प्रति सेकंद, दोन पट्ट्या असतील तर ५१.२. "१६ जीबी" दोन्हीकडे लिहिलेलं असतं, पण ऑफिसात ८ च्या दोन आणि कारखान्यात १६ ची एक असं असण्याची दाट शक्यता आहे.

व्होल्टेजचं म्हणाल तर तसं होत नाही. एसएमपीएस (पीसीतला वीजपुरवठ्याचा डबा) आत येणारा वीजदाब कमीजास्त झाला तरी बाहेर १२ व्होल्ट देतं, नाही जमलं तर बंद पडतं. पीसी रीस्टार्ट होईल, पण २३ टक्के हळू चालणार नाही.

---

पूर्वभाग

वरचं बरोबर आहे, फक्त ४२ अंशांवर सगळं खापर फोडू नका. हवा जितकी गरम तितकाच प्रोसेसर गरम, जवळपास अंशाला अंश. समजा ऑफिसात २६ अंशांच्या खोलीत चाचणीच्या शेवटी ७४ दिसतात, म्हणजे हवेच्या वर ४८. हाच पंखा स्वच्छ असेल तर कारखान्यात ४२ अधिक ४८, म्हणजे ९० पर्यंत जायला हवा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे, ९० ला तो घड्याळ उतरवत नाही. तुमचा उतरतोय, म्हणजे वरचे दहाएक अंश दुसरीकडून येतायत. मागाच्या शेडशेजारी ते कुठून येतात हे सांगायला नको. सुताचे तंतू पंख्याच्या पात्यांतून आत जातात आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या फटींवर नमद्यासारखा थर धरतात. वरून पंखा स्वच्छ फिरताना दिसतो, थर त्याच्या खाली असतो.

आधी मोजा, मग खोला. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवणाऱ्या पद्धतीत उघडा, नोंद दर दोन सेकंदांनी ठेवा आणि लॉगिंग चालू करून सिनेबेंचची दहा मिनिटांची फेरी लावा. चार ओळी बघायच्या: सीपीयू पॅकेजचं तापमान, पॅकेज पॉवर, कोअर इफेक्टिव्ह क्लॉक आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग उतरवणं).

तापमान १००, थ्रॉटलिंगपुढे 'येस', आणि वॅट हळूहळू घसरत ५० च्या आसपास आले, तर उष्णता. तापमान ७०-७५ आणि वॅट ६५ वर खिळल्यासारखे, तर बायोसमधली (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधली) पॉवर मर्यादा. आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॅट आणि थोड्या वेळासाठी ११७ आहे. काही बोर्ड ६५ वर कडक धरतात, काही मोकळं सोडतात. त्याने स्कोअर थोडा घटतो, पण ९,३०० पर्यंत पडत नाही.

तापमान कसं चढतं तेही बघा. दोन-तीन मिनिटं घेत १०० ला गेलं तर तंतू आणि धूळ. चाचणी सुरू होताच काही सेकंदांत १०० ला टेकलं तर पंख्याच्या चार पिनांपैकी एखादी नीट बसलेली नाही किंवा पेस्ट वाळलीय. साफसफाईने ते जाणार नाही.

साफ करताना वीज काढा आणि कॅबिनेट खोलीबाहेर न्या, नाहीतर उडालेलं सूत परत आतच बसतं. पात्यांना बोट लावून धरा, मगच ब्लोअर मारा. पंखा ब्लोअरने भन्नाट फिरवला की बेअरिंग जातं. थर नमद्यासारखा घट्ट असेल तर ब्लोअर पुरणार नाही, पंखा काढावाच लागतो, आणि काढला की पेस्ट बदलणं आलंच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन मटारच्या दाण्याएवढी मधोमध. पिना बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दाबा, एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या तर पंखा तिरका बसतो. चारही वेळा टक् आवाज आला पाहिजे, आणि बोर्डाच्या मागून बघितलं तर चारही पिनांची टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, दोन-अडीच फूट वर घ्या. हवा आत येते तिथे बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला झटका. जाळी तुंबली की नसण्यापेक्षा वाईट.

---

रेणुका_क्यूए

दोघांनी कारण नीट पकडलंय. मला आकडे वाचण्याबद्दल लिहायचंय, कारण विकणारे तुम्हाला पुन्हा आकडेच दाखवणार आहेत.

एक, एकाच आवृत्तीचा एकाच आवृत्तीशी ताळा. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांची नावं सारखी, पण २०२४ मध्ये रेडशिफ्ट हे वेगळं रेंडर इंजिन आहे आणि मापही वेगळं. आर२३ मध्ये हजारांत येणारा प्रोसेसर तिथे शेकड्यांत येतो. गीकबेंच ५ आणि ६ चंही तेच.

दोन, एकच फेरी म्हणजे माप नाही. तेच मशीन, तीच चाचणी, तरी दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच. मागे विंडोज अपडेट उतरत असतं, डिफेंडर फाइली तपासत असतो, क्लाउडवर फोल्डर चढत असतं. पीसी सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू दोन-तीन टक्क्यांखाली स्थिरावू द्या, पॉवर मोड दोन्हीकडे एकच ठेवा. मग पाच फेऱ्या घ्या आणि मधला आकडा धरा. सरासरी नको, एखादी बिघडलेली फेरी सगळी सरासरी ओढून नेते. तुमचा २,२४० आणि २,१९० मधला फरक या हेलकाव्यातलाच आहे, त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका.

तीन, एकत्र स्कोअर कसा काढलाय. अ मशीनला १ धरलं आणि ब मशीन एका कामात दुप्पट वेगाचं, दुसऱ्यात निम्म्या वेगाचं निघालं, तर २ आणि ०.५ ची साधी सरासरी १.२५. म्हणजे ब सरस. आता ब ला १ धरा. अ चे आकडे ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५. म्हणजे अ सरस! एकाच मोजणीतून दोन उलट निकाल. गुणोत्तर मध्य घेतला, म्हणजे दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं, तर दोन्हीकडून १ येतो. चांगले बेंचमार्क म्हणूनच गुणोत्तर मध्य वापरतात. गीकबेंच ६ प्रत्येक गटात तो काढतो, मग पूर्णांकी कामांना ६५ टक्के आणि दशांशी कामांना ३५ टक्के वजन देऊन बेरीज करतो. हे वजन त्यांनी ठरवलेलं आहे, तुमच्या कामाचं नाही.

आणि कोणतीही चाचणी प्रसिद्ध झाली की तिच्यापुरती तयारी करणारे निघतात. स्पेक ही संस्था १९८८ साली याच गोंधळावर उपाय म्हणून सुरू झाली, तरी तिच्या पहिल्याच संचातली मॅट्रिक्स३०० ही चाचणी कंपायलरच्या एका युक्तीने इतकी फुगवता येऊ लागली की १९९२ च्या संचातून ती काढावी लागली. २०१८ मध्ये यूएल या कंपनीने आपल्या थ्रीडीमार्क या बेंचमार्कच्या यादीतून हुआवेचे काही फोन उतरवले, कारण ते ॲपचं नाव ओळखून वेग वाढवत होते. यूएलने तीच चाचणी वेगळ्या नावाने चालवली तेव्हा आकडे खाली आले.

म्हणून ताई-दादांनो, शेवटचा निकाल तुमच्या स्वतःच्या फाइलीवर लावा. जॅकार्डची सगळ्यात जड फाइल घ्या, तीच चाचणी.

---

जॅकार्डवाला

मनापासून धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे लॉग घेतला. कारखान्यात तापमान साधारण तीन मिनिटांत १०० ला गेलं, थ्रॉटलिंग येस, शेवटी ४९ वॅट आणि ३.१ गिगाहर्ट्झ. रॅमची एकच पट्टी निघाली, दोनपैकी एक स्लॉट रिकामा. पंखा काढला तर खाली खरंच सुताचा थर होता. साफ करून पेस्ट बदलली. आता त्याच खोलीत दुपारी ९१ अंश आणि ११,९००.

पण एक अडकलंय. मोठ्या चादरीची डिझाइन फाइल उघडायला ३८ सेकंद लागतात, ऑफिसात आणि कारखान्यात सारखेच, आणि साफसफाईनंतरही तेवढेच. विक्रेत्यांनी आता क्रिस्टलडिस्कमार्क ही डिस्कचा वेग मोजणारी चाचणी चालवून दाखवलं: माझी एसएसडी सेकंदाला ३,४०० एमबी, नवीन घेतली तर ७,०००. म्हणजे वेळ निम्मा होईल का?

---

कोअर_कॅश

नाही. आणि तुमच्या एच६१० बोर्डावर ७,००० दिसणारही नाहीत. या चिपसेटवरचा एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती खाच) पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनचा असतो, तिथे ३,५०० च्या आसपास छत आहे. चौथ्या पिढीची एसएसडी लावली तर चालेल, पण त्याच वेगाने.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो ३,४०० कुठल्या ओळीतला आहे. वरची ओळ म्हणजे मोठे एक एमबीचे तुकडे सलग, आठ मागण्या एकदम रांगेत. सबंध सिनेमा कॉपी करताना असं होतं. फाइल उघडताना सॉफ्टवेअर छोटे तुकडे एकेक करून मागतं, त्याच्या जवळची ओळ सगळ्यात खालची: ४के, रांग एक, थ्रेड एक. चांगल्या एनव्हीएमईवर तिथे ४० ते ८० एमबी येतात, आणि महागडी घेतली तरी तो आकडा दुप्पट होत नाही.

शिवाय ही चाचणी ठरावीकपणे १ जीबीच्या फाइलवर चालते. स्वस्त एसएसडीत लिहिताना पुढे एक वेगवान एसएलसी कॅश (लिहिलेलं आधी झटपट साठवणारा छोटा भाग) असतो, १ जीबी त्यात आरामात मावतो, म्हणून लिहिण्याचा आकडा झकास दिसतो. आकार ३२ जीबी करून पाहा, कॅश भरला की खरा वेग कळतो. ही चाचणी एकदाच करा, रोज नको, त्यात शेकडो जीबी लिहिलं जातं आणि एसएसडीचं आयुष्य लिहिण्यावरच मोजतात. डिस्क जवळपास भरलेली असेल तर हा कॅशही आक्रसतो, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा.

आता ३८ सेकंदांचं. फाइल उघडत असताना टास्क मॅनेजरमध्ये दोन आकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांना टेकत असेल तर अडचण डिस्कची. डिस्क तीन-चार टक्के आणि सीपीयू आठ-नऊ टक्के असेल तर एकच थ्रेड काम करतोय, कारण १०० भागिले १२ म्हणजे ८.३. आलेखात एखादा कोअर भरलेला दिसेलच असं नाही, विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं. एकूण टक्केवारीवर भरवसा ठेवा. तिन्ही वेळा ३८ च आले, आणि सिंगलचे आकडेही दोन्ही पीसींवर जवळपास सारखेच, यावरून मला हेच दिसतंय.

तसं असेल तर आय७ चा हिशोबही इथेच करून टाका. सिंगलमध्ये त्याचे २,५००, तुमचे २,२४०. ३८ गुणिले २,२४० भागिले २,५००, येतात ३४ सेकंद. चार सेकंद वाचतील. मल्टीचा पावणेदोनपट आकडा खोटा नाही, पण तुमची फाइल उघडताना बाकीचे कोअर बसूनच राहणार. त्यात आय७-१२७०० पूर्ण भार घेतो तेव्हा १८० वॅटपर्यंत जातो. त्या खोलीत ६५ वॅटवालाच दमला, तर खोक्यातल्या पंख्यावर हा किती वेळ टिकेल याचा अंदाज करा.

माझं मत: त्याच वेगाची १६ जीबीची दुसरी पट्टी घाला आणि थांबा. मॉनिटर बोर्डावरच लावला असेल तर आतलं ग्राफिक्सही तीच रॅम वापरतं, मोठं डिझाइन सरकवताना फरक जाणवेल.

पट्टी घातल्यावर मोजताना एक काळजी घ्या. फाइल दुसऱ्यांदा उघडली की ती बरीचशी रॅममधूनच येते आणि वेळ उगाच कमी दिसतो. रीस्टार्ट, दहा मिनिटं थांबणं, मग उघडणं, असं प्रत्येक फेरीला करा. फोनचं स्टॉपवॉच पुरेसं आहे, ३८ सेकंदांत बोटाची पाव सेकंदाची चूक एक टक्क्याच्याही आत बसते. डिझाइनवरून मागाची फाइल तयार करायला लागणारा वेळही वेगळा मोजा. ते काम काही सॉफ्टवेअरमध्ये सगळे कोअर वापरतं. त्या वेळी सीपीयू ९० टक्क्यांच्या वर गेला आणि दिवसभरात अशा फाइली बऱ्याच निघत असतील, तर इथे लिहा, मग जास्त कोअरचा विचार करू. पण तो पीसी नवी पेठेत ठेवायचा, शेडशेजारी नाही.